दोनशेची रेघ

मित्रांनो, न्यू लिनच्या रेल्वे स्टेशनामागे एक लाकडी हॉल आहे. त्याच्या स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडलंत, तर मागच्या बाजूला प्लास्टिकचा एक मापाचा जग उपडा घातलेला दिसेल. कानापाशी चीर गेलेला, घासणीने अंगभर ओरखडलेला. तो जुना जग म्हणजे मी. एखाद्याने हातात घेऊन कौतुक करावं असं माझं रूप आता राहिलेलं नाही. पण एक गोष्ट सहा वर्षं माझ्या पोटात आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्यावाचून कचऱ्याच्या डब्यात जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, गार झालं आणि मी बाहेर पडलो. तोपर्यंत मी इतरांसारखंच एक भांडं होतो. मग एका यंत्राने माझ्या पोटावर तांबड्या रेघा छापल्या. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, अशा थेट हजार मिलिलिटरपर्यंत. रेघा अंगावर आल्या आणि माझं डोकं फिरलं. दुकानात शेजारी मांडलेल्या वाट्या-ताटल्यांशी मी बोलेनासा झालो. यांच्यात नुसतं मावतं, माझ्यात मोजलं जातं, असा माझा तोरा होता. आपण कधी चुकत नाही, असं मला मनापासून वाटे. खरं सांगायचं तर आजही मी चुकत नाही. माझं दुःख नेमकं तेच आहे.

२०११ साली मृदुलाताईंनी मला त्या दुकानातून उचललं. ताई मूळच्या पुण्याच्या, इकडे परदेशात एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. औषधांच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी एक गोष्ट हेरली होती. माणसं औषध घेताना माना डोलावतात, 'येस, येस' म्हणतात, आणि त्यांना काहीएक कळलेलं नसतं. एकदा वायरेमू नावाचा एक माणूस खिडकीशी आला. रस्त्याच्या कामावरचा, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी, दाराएवढा रुंद. इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "अर्धी गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे एकूण किती?" एवढं विचारताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो घाम ताईंच्या डोळ्यांपुढून काही केल्या जाईना.

म्हणून त्यांनी दर शनिवारी दहा ते बारा या हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी आकड्यांचा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही, फळासुद्धा नाही. टेबलावर नुसत्या रोजच्या वस्तू. मी, एक वजनकाटा, हाताने काटे फिरवायचं घड्याळ, शिंप्याची टेप, बसचं वेळापत्रक. वायरेमू पहिला विद्यार्थी. डार्ट्सच्या खेळात प्रत्येक बाणाचे गुण तो पाचशे एकातून तोंडी वजा करत जाई, आणि कागदावर एक छेद चार दिसलं की त्याची बोबडी वळे. ताईंनी कागद बाजूला सारला आणि त्याला माझ्यात पाव लिटर पाणी ओतायला सांगितलं.

"खाली वाक," ताई म्हणाल्या. "वरून बघितलं की फसायला होतं. डोळा रेघेच्या समोर आण."

तो गुडघे मोडून बसला, एक डोळा मिटून माझ्याकडे बघत राहिला आणि ओरडला, "टू फिफ्टी! दॅट्स अ क्वार्टर? दॅट्स ऑल? स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या बोलीत, एकदम झकास.

सगळा वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण माझ्या पोटात पाणी होतं. पुढची दोन वर्षं माझी फार सुखाची गेली. किती माणसं माझ्यासमोर वाकली! घाबरत यायची, आणि जाताना ताठ मानेनं जायची. ताईंनी वर्गात एक प्रथा पाडली होती. प्रत्येकाने आठवडाभरासाठी टेबलावरची एक वस्तू घरी न्यायची आणि घरच्या कामात वापरायची. मी अशी बारा-पंधरा घरं बघितली. माझ्यामुळे कुणाचा केक फुगला, कुणाच्या बागेतल्या रोपांना बेताचं पाणी मिळालं. मला वाटलं, आता आपल्याला आयुष्यात दुसरं काही नको.

२०१३च्या मार्च महिन्यात सुलेखाकाकू वर्गात आल्या. इस्लामपूरकडच्या एका गावातून त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. साडीवर मुलाचं जाकीट आणि मोज्यांवर सँडल, असा त्यांचा थाट होता. मुलगा सुयश आयटीत, सून अनुष्का नर्स, आणि फेब्रुवारीत जन्मलेला नातू गंधार. चौदा आठवड्यांची रजा संपली की अनुष्काला कामावर जायचं होतं, आणि मग बाळाला आजी सांभाळणार होती. ताईंना त्या मॉलबाहेरच्या बस थांब्यावर भेटल्या. तासभर उभ्या होत्या. चार बस डोळ्यांदेखत गेल्या, पण आपली कुठली ते वाचता येईना, आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. शाळा दुसरीतच सुटलेली. गावात सगळं ओळखीवर निभावलं होतं.

"पोरगा इंजिनेर, आन आईला बसचा नंबर वाचता येत न्हाई. कुनाला सांगू, ताई?" त्या म्हणाल्या.

घरी त्यांनी सांगितलं, शनिवारी भजन असतं. सुयशला बरं वाटलं, आईचं मन रमतंय. भजनाला जाणाऱ्या आईच्या पिशवीत टाळांऐवजी वही-पेन्सिल असते, हे त्याला कुठून कळणार?

काकूंना शिकवायला ताईंना फारसे कष्ट पडले नाहीत. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "आमच्याकडं दोन चिपट्यांचं एक मापटं. दोन मापट्यांचा शेर. ह्ये मिली काय असतं मला ठावं न्हाई." ताई हसून म्हणाल्या, "काकू, तुम्हाला गणित येतंच आहे. फक्त नवे आकडे ओळखायचे." दहा शनिवारांत काकू नुसत्या आकडे वाचू लागल्या नाहीत, त्या मला जीव लावू लागल्या. एक हात गुडघ्यावर टेकून त्या वाकत, आणि पाणी रेघेला टेकलं की बारीक आवाजात म्हणत, "हां. बसलं." वायरेमू त्यांना दर शनिवारी माओरी भाषेत नमस्कार करून चिडवायचा. "किया ओरा, आंटी! टू हंड्रेड?" काकू पाणी ओतून, वाकून, पदर सावरून उत्तर देत, "टू हंड्रेड." त्यांच्या हातून एका थेंबाचाही फरक पडत नसे. ताई सगळ्यांसमोर म्हणायच्या की काकूंचा हात म्हणजे तराजू आहे. काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचं. असं कौतुक त्यांच्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं.

मेच्या अखेरीस अनुष्काची रजा संपली. त्या शनिवारी काकूंनी घरी न्यायला मला निवडलं, आणि लागेल तितके दिवस ठेवून घ्या, असं ताई म्हणाल्या. "भजनाच्या बाईंनी दिलाय," त्यांनी घरी सांगितलं. त्यांची एकच इच्छा होती. सुनेनं निर्धास्त कामावर जावं, बाळाचं दूध आपल्या हातानं व्हावं, आणि त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

निघायच्या घाईत अनुष्काने पावडरचा डबा दाखवून सांगितलं, "आई, दोनशे पाणी, त्यात चार स्कूप. सपाट हं. जास्त नाही, कमी नाही. जमेल ना?"

"जमंल की," काकू म्हणाल्या.

आणि जमलं, मित्रांनो. त्यांनी उकळून गार केलेलं पाणी माझ्यात ओतलं, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, दोनशेची रेघ बघितली. स्कूप भरून सुरीच्या पाठीने सपाट केला. एक, दोन, तीन, चार. ढवळलं. माझी छाती अभिमानाने फुगली होती. मग काकूंनी किटली पुन्हा उचलली आणि माझ्यात आणखी पाणी ओतलं, चारशेच्या रेघेपर्यंत. पुन्हा वाकल्या. "हां. बसलं," म्हणाल्या.

त्यांच्या मनात काय होतं ते मला पुढे कळलं. आईचं सोडून वरचं दूध म्हणजे जड, ते तान्ह्याला पचत नाही, निम्मं पाणी घालूनच द्यायचं. त्यांच्या सासूने त्यांना हे शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने. सुयश तसाच वाढला होता, म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घालून. सुनेनं सांगितलेले दोनशे आणि चार हे काकूंच्या हिशेबी पावडरचं दूध करण्याचं माप होतं. दूध झालं की ते बाळाजोगं करायचं, हे कुणाला सांगावं लागतं का? कढीत मीठ घालतात हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसंच त्यांना ते वाटलं. म्हणून त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. काही लपवत होत्या असं मुळीच नाही.

मी ओरडलो असतो. पण मला तोंड असलं तरी ते ओतण्यापुरतं. शिवाय चारशेची रेघही माझ्याच अंगावर होती, आणि दूध त्या रेघेलाही तंतोतंत टेकलं होतं. आपल्यात काय भरलंय याच्याशी रेघेला काही देणंघेणं नसतं. तोवर मी रेघांना शहाणपण समजत होतो.

कामावर जायला लागल्यावर अनुष्काचं अंगावरचं दूध आटत गेलं आणि पंधरा दिवसांत बाळ पूर्णपणे बाटलीवर आलं. काकू सकाळी सहालाच दिवसभराच्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये लावून ठेवत. एकदा अनुष्काने एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "आई, पातळ वाटतंय का हो?"

"दोनशेला चार घालते की गं. ह्ये बघ, रेघ लावून." काकूंनी मोठ्या उत्साहाने मला पुढे केलं. अनुष्काने माझ्याकडे एक नजर टाकली, घड्याळाकडे बघितलं आणि ट्रेन गाठायला पळाली. दोन मिनिटं ती थांबली असती तर पुढची बाटली तिच्या समोरच भरली गेली असती. ती थांबली नाही. तिला दोष देऊ नका, ती स्वतःला पुरेसा देते.

बाळ रडायचं थांबलं. काकूंना वाटलं, गुणी झालं. वजन करायला घरी येणारी नर्स जूनच्या शेवटी आली. तिच्या तक्त्यावर वर चढत आलेली बाळाची रेघ आडवी झाली होती. नर्स म्हणाली, दूध वाढवा. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी आणखी दोन बाटल्या वाढवल्या. म्हणजे त्या लेकराच्या पोटात आणखी पाणी गेलं. मी रोज सकाळी भरत होतो आणि रिकामा होत होतो.

इकडे जुलैत ऐन थंडी असते; अशाच एका सकाळी अंगणातल्या गवतावर दहिवर पडलं होतं. काकू बाटली घेऊन खोलीत गेल्या आणि त्यांची किंकाळी मला ओट्यावर ऐकू आली. बाळाचे डोळे वर गेले होते आणि हातपाय झटके देत होते. पुढे धावपळ, फोन, अँब्युलन्स. मग घर रिकामं झालं. मी अर्धवट भरलेला तसाच राहिलो.

दुपारी सुयश धावत आला. मला रिकामा करून, विसळून त्याने पिशवीत घातलं, डबा घेतला आणि आम्हाला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांना बघायचं होतं, बाळाचं दूध कसं करतात. वॉर्डाबाहेरच्या एका छोट्या खोलीत मला टेबलावर ठेवलं. डॉक्टर, सुयश, अनुष्का आणि समोर काकू.

"दाखव, आई. रोज करतेस तसंच," सुयश म्हणाला.

काकूंनी माझ्यात पाणी ओतलं. त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. दोनशे. डॉक्टरही वाकले, त्यांनी मान हलवली. स्कूप सपाट केला. एक, दोन, तीन, चार. डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली. सुयशने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं सांगू? शाबासकीची आशा. आणि मग त्यांनी पाण्याची किटली पुन्हा उचलली.

दूध चारशेच्या रेघेला टेकलं.

"आई, हे काय?" अनुष्काचा आवाज ओळखू येईना.

"आता बाळाजोगं झालं," काकू म्हणाल्या. "मगाशी नुसतं दूध हुतं."

अनुष्का भिंतीला पाठ लावून खाली बसली. डॉक्टरांनी सुयशला हळू आवाजात समजावून सांगितलं. इतक्या पाण्याने बाळाच्या रक्तातलं मीठ फार उतरलं होतं, त्यामुळे मेंदूला सूज आली होती. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे वाचता येत होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मित्रांनो, मला त्या क्षणी तडकून तुकडे व्हावंसं वाटलं.

गंधार वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. पण मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली होती. तो उशिरा बसेल, कदाचित चालणार नाही, गिळायला त्रास होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातलं बहुतेक सगळं खरं ठरलं.

मग घरात प्रश्न निघाला, हा जग आला कुठून? भजनाची बाई कोण? सगळं बाहेर पडलं. आई मुळी भजनाला जातच नव्हती, आकडे शिकायला जात होती. आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला.

"आई, तुला आकडे येत नव्हते, तर एकदा सांगायचंस ना!" सुयश रडत म्हणाला. "मी शिकवलं असतं. मी बाटल्या भरून ठेवल्या असत्या. तू का लपवलंस?"

"माप बरोबर हुतं, सुयश," काकू म्हणाल्या.

तो खोलीतून निघून गेला. काकू ते वाक्य पुन्हा कुणाला म्हणाल्या नाहीत. ओळखीपाळखीत तेवढंच पसरलं: आजीला मोजता येत नव्हतं. ज्या एका गोष्टीत त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळवली होती, तीच लोकांनी तिच्याकडून काढून घेतली. मला याचा अजून राग येतो. ऑगस्टमध्ये व्हिसा संपला आणि त्या गावी परत गेल्या. निघण्याआधीचे पंधरा दिवस त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही आणि बाळाला हातही लावला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी ये असंही म्हटलं नव्हतं.

सुयशने मला पिशवीत घालून हॉलच्या दाराशी ठेवलं आणि मग ताईंना फोन करून झालं ते सांगितलं. ताई त्या शनिवारी एकट्याच हॉलमध्ये बसून राहिल्या. मला समोर घेऊन त्या स्वतःशीच बोलत होत्या. "दहा शनिवार मी त्यांना रेघ दाखवली. रेघेनंतर काय करता, हे एकदाही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही." त्यांनी वर्ग बंद केला. मला सिंकखाली उपडं घातलं आणि कपाटाचं दार लोटून घेतलं.

तीन वर्षं मी त्या अंधारात होतो, फरशी पुसायच्या औषधाच्या बाटलीला टेकून. पाईप गळायचा. त्या थेंबाखाली माझ्या रेघा फिकट पडत गेल्या. कुणी एकदा मला बाहेर काढून माझ्यात जुने ब्रश बुडवून ठेवले, तेव्हा कानापाशी चीर गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. आपली हीच लायकी आहे, असंच मला वाटे.

२०१६ साली एका शनिवारी कपाट उघडलं आणि वायरेमूचं रुंद तोंड आत डोकावलं. कामावरच्या तिघांना घेऊन तो आला होता. ताईंना त्याने फोन करकरून बोलावलं होतं. "मिस," तो म्हणाला, "तुम्ही थांबलात म्हणून लोकांची औषधं थांबली नाहीत. आकडे न कळणारी माणसं आहेत तितकीच आहेत."  ताईंनी मला नळाखाली धरलं आणि घासघासून धुतलं.

पण आता वर्गाची रीत बदलली होती. ताई आधी काही शिकवत नसत. पहिल्या दिवशी प्रत्येकाला म्हणत, "घरी करता तसं करून दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोटात जाईपर्यंत." आणि मग त्या गप्प बसून बघत.

एकदा मुलीकडे राहायला आलेले विश्वनाथकाका आले. शिकलेले गृहस्थ, बँकेतून निवृत्त. मुलीने हट्टाने आणलं म्हणून जरा घुश्शातच होते. हृदयाच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा त्यांनी पुढे ठेवला. "आठवड्याला सात गोळ्या. मोजून घ्या."

"घेताना कशा घेता ते दाखवा, काका."

काकांनी एकादशीचा खण ओलांडला आणि पुढच्या खणातल्या गोळीबरोबर त्या वगळलेल्या खणातली गोळीही तळहातावर घेतली. "उपासाला औषध घेत नाही मी. द्वादशीला दोन्ही एकदम. बेरीज सातच येते ना?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. बेरीज अगदी बरोबर होती. त्या दिवशी त्यांनी काकांच्या डॉक्टरांना फोन करूनच त्यांना घरी सोडलं. नंतर मला पुसताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सुलेखाकाकू." मला कळलं.

त्यानंतर तीन वर्षांनी, २०१९च्या ऑक्टोबरात, हॉलच्या दारात चाकांची खुर्ची आली. खुर्चीत साडेसहा वर्षांचा एक मुलगा होता, मान एका बाजूला कललेली, डोळे मोठे आणि स्वच्छ. खुर्ची ढकलत अनुष्का आली. आणि तिच्या मागे, उंबरठ्याबाहेरच थांबलेल्या, केस पूर्ण पिकलेल्या सुलेखाकाकू. सुयशने सहा वर्षांनी त्यांना बोलावलं होतं. येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि त्या अजून स्वयंपाकघरात गेल्या नव्हत्या. त्यांना या हॉलमध्ये यायचं होतं, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

ताई उठून दारापाशी गेल्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"ताई," काकू म्हणाल्या, "तवा तुम्ही मला एकदा विचारलं असतं तर?"

"विचारायला हवं होतं, काकू," ताई म्हणाल्या. त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही. माफी मागितली असती तर काकूंना 'असू द्या' म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणण्यासारखं नव्हतं.

वायरेमूने खुर्ची ओढून दिली. "किया ओरा, आंटी," तो म्हणाला, पण पुढचा आकडा त्याने विचारला नाही.

वर्ग सुरू झाला. थोड्या वेळाने गंधार तोंडाने चपचप आवाज करू लागला. त्याला तहान लागली होती. मित्रांनो, गंधारला साधं पाणी चालत नाही. पातळ काहीही गिळताना त्याच्या श्वासनळीत जातं. त्याचं पाणी, दूध, सगळं एक पावडर घालून मापाने दाट करावं लागतं. दोनशेला दोन चमचे, सपाट. कमी पडली तर ठसका लागतो, आणि एकदा त्या ठसक्याने तो तीन आठवडे हॉस्पिटलात होता. सहा वर्षं हे काम अनुष्का आणि सुयश, दोघांखेरीज कुणी केलेलं नाही.

अनुष्काने पिशवीतून पावडरचा डबा काढला. टेबलावर मी होतो. तिने मला ओळखलं. माझ्या चिरेवरून तिने अंगठा फिरवला. मग तिने डबा उचलला आणि काकूंच्या पुढ्यात ठेवला.

"आई, तुम्ही करा."

काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं गं. माझ्या हातनं नगं."

"तुमचं माप बरोबर होतं," अनुष्का म्हणाली. "मला तेव्हाही माहीत होतं. मी बोलले नाही. दुसऱ्याचं चुकलं असं म्हटलं की माझं ओझं थोडं हलकं व्हायचं."

 काकू रडत होत्या, पण आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पदराबाहेर काढले.

"तू बघशील?" त्यांनी विचारलं. "शेवटपत्तोर?"

"बघते."

काकूंनी माझ्यात पाणी ओतलं. माझ्या रेघा आता इतक्या पुसट झाल्या आहेत की दोनशेची खूण जेमतेम दिसते. काकू गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. आणि त्यांच्या शेजारी अनुष्काही जमिनीवर गुडघे टेकून बसली, डोळा रेघेच्या समोर आणून. दोघींचे श्वास माझ्या अंगावर आले. एक चमचा. दोन. ढवळलं. किटली हाताशी होती. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि ती लांब सरकवली. मग पेला भरला आणि पहिला चमचा गंधारच्या ओठांपाशी नेला. त्याने गिळला. ठसका लागला नाही. तो हसला, आपल्या वाकड्या मानेने, ही बाई कोण हे माहीत नसताना.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपल्याला जपा असं सांगतात. मला जपू नका. माझी चीर वाढली की मला खुशाल टाका, दुसरा जग घ्या, त्याच्या रेघा माझ्यापेक्षा ठळक असतील. माझं मागणं वेगळं आहे. कुणाला मोजायला शिकवलंत, तर शाबासकी देऊन लगेच निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी वाका आणि पेला ओठाला लागेपर्यंत बघत राहा. त्या घरात तेव्हा कुणी दोन मिनिटं वाकलं असतं, तर आज गंधारने आपल्या हाताने नळ सोडला असता आणि तो ओंजळीने पाणी प्यायला असता.